मऊ नळी

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून ते मिटून बसायला सांगितलं होतं, त्यामुळे शिवणकाम करणाऱ्या मावशींना शेजारचे बापलेक नुसते ऐकू येत होते. बाप वेल्डर होता, लेक कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधक होती.

"परत मेलं, बाबा. आठ महिन्यांचं काम."

"काय मेलं?"

"एन्झाइम. जिवाणूच्या पोटातलं यंत्रच म्हणा. हवेतला नायट्रोजन धरून त्याचं खत करतं. त्यात लोखंड असतं, मॉलिब्डेनम असतं."

"मॉलिब्डेनम तर आमच्या पोलादात घालतात, मजबुतीसाठी. मग हे इतकं नाजूक कसं?"

"ऑक्सिजन लागला की संपलं. म्हणून सगळं आरगॉन वायूमध्ये करतो."

"आम्हीपण आरगॉनच सोडतो. नाहीतर जोड काळा पडतो."

"आमच्या सहायक बाईंनी बाटलीचं झाकण सैल ठेवलं असणार. पंधरा वर्षं तेच करतायत, लक्ष उडालंय. काल चांगलं सुनावलं. आता नुसती भांडी धुतायत."

"सिलिंडरची नळी कसली आहे?"

"सिलिकॉनची. मीच बदलली, मऊ असते म्हणून."

"कधी?"

"झाले आठ-नऊ महिने."

"अगं, तिच्या अंगातूनच हवा आत झिरपते. साबणाचं पाणी लावलंस तरी बुडबुडा दिसायचा नाही. तांब्याची घाल."

नर्सने पुढचा नंबर पुकारला.

"बाबा, तुमचा नंबर."

"थांबतील ते. बाईंचं काय?"

"उद्या बाजूला घेऊन सांगते ना."

"सुनावलंस तेव्हा खोलीत किती जण होते?"

"नऊ."

"मग नऊ जणांसमोर सांग."