रांगेतले परीक्षक

होबार्टच्या एका सभागृहात दोन दिवसांत संगणकावर संगीताचे खेळ बनवण्याचा मेळावा भरला होता. गोंगाट नको म्हणून प्रत्येकाने स्पीकर बंद करून आपल्या खेळाशेजारी हेडफोन ठेवायचा, असा नियम होता. टॅमसिन आपला खेळ मांडून सॉसेजच्या रांगेत येऊन उभी राहिली, तर तिच्या पुढेच दोन परीक्षक, ब्रोडी आणि इमोजेन.

“सकाळपासून नुसती टिंगटिंग ऐकतोय, इमोजेन. माउस हलवला की बेडूक ओरडतो. म्हणे प्रयोग!”

“आणि तो पेंग्विन? त्याचा पंख दाबायचा आणि त्याने बासरी वाजवायची. डोकं उठलं माझं.”

“एकच काय तो बरा. खिडकीपाशी मांडलाय, समुद्राचा.”

“अरे, पण त्यात काहीच वाजत नाही!”

“तेच तर! लाटेला बोट लावायचं, लाट उसळते, आणि पुढे शांतता. एक सूर नाही. याला म्हणतात हिंमत.”

“मला वाटलं बिघडलाय. तिथे हेडफोनसुद्धा नव्हता, ब्रोडी.”

“मुद्दामच ठेवला नसणार. तुला प्रत्येक गोष्ट कानात ओतून हवी असते, म्हणून तुला कळत नाही.”

“मग पहिलं बक्षीस त्यालाच?”

“नाहीतर काय बेडकाला द्यायचं?”

“दे बाबा. तुझ्याशी वाद कोण घालणार?”

पावात सॉसेज घेऊन ब्रोडी मागे वळला.

“काय गं, तुझा खेळ कुठला?”

टॅमसिनने गळ्यातला हेडफोन हळूच काढून पाठीमागे धरला.

“समुद्राचा,” ती म्हणाली.