लेखी द्या, चंद्रप्पा!

...आन् वर नगरपरिषदेत म्हणतात काय, "लेखी द्या!" तुमाला सांगतो, मोरीतून ही एवढी दिवड निघाली, ती काय आवक-जावक रजिस्टरात नोंद करून निघाली का? साप तो! निघाला की निघाला! पर न्हाई... लेखी द्या!

झालं असं, आमच्या घराच्या मागं भागवतचा मोकळा प्लॉट हाय. भागवत गेला पुण्याला नोकरीला, आन् प्लॉट ठिवला आमच्या उरावर! वेड्या बाभळी, डबकं, डबक्यात डुकरं... आन् डुकरं बी इतकी निवांत, जणू सातबारा त्यायच्याच नावावर हाय! पाव्हणे चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी रुमाल नाकाला लावायलेत. भागवतला फोन केला, तर मलाच म्हणतो, "काका, प्लॉट मपला हाय, पर कचरा तर तुमच्या गल्लीचाच हाय की!" आता बगा, शेजारचा मुंजाजी राख टाकतो, खरंय. समोरची सुलाबाई खरकटं टाकती, ते बी खरंय. मी? माझं सोडा हो, मी आपली उगं एखादी बादली...

तर दिवड निघाली त्या दिवशी आमच्या घरच्या, त्रिवेणी, पिशवी भरून दारात हुब्या! "मी चालले गंगाखेडला, माहेरी. ती घाण जाईल तवा मी येईल." गेली हो! तीस वर्षांच्या संसारात असं कधी केलं न्हाई तिनं! मला येतो फक्त चहा, तर तिसऱ्या दिवशी दूध बी नासलं. खोटं कशाला बोलू, तिच्याबिगर घर खायला उठलंय. दिवसभर कुणी "आवं, ऐकलं का" म्हणत न्हाई... लय वाईट वाटतं.

म्हणून गेलो नगरपरिषदेत. तिथं राजेश्री मॅडम. मान वर न करता, "काका, लेखी द्या." दिलं. "तीन प्रतींत द्या." दिलं! "प्लॉटचा मालमत्ता क्रमांक?" म्हणलं, मॅडम, डुकराला इचारून सांगू का? "माहीत नसंल तर माहीत नाही म्हणून... तेही लेखी द्या!"

आठ दिवसांनी साहेब आले पंचनाम्याला. पंच कोण, तर मुंजाजी आन् सुलाबाई. मला कसा जोर आला! मी बनियनवरच भाईर आलो. साहेबांनी फाइल उघडली आन् म्हणाले, "ह्या प्लॉटची दोन महिन्यांपूर्वीची अजून एक तक्रार आहे. फोटोसकट." फोटो बगितला... पाठमोरा माणूस, अंगात बनियन, हातात निळी बादली, आन् भिंतीवरून घाण फेकायलाय! साहेब म्हणाले, "तक्रार करणाऱ्या बाईनं आपलं नाव गुप्त ठेवा म्हटलंय. आणि ह्या माणसाच्या नावापुढं लिहिलंय, 'नाव घेता येत नाही.' आम्ही समजलो, कुणीतरी दांडगा गुंड असंल, बाई भ्यायली असंल. म्हणून चौकशीला कुणी आलंच नाही!"

मी तर पेटलोच! म्हणलं, साहेब, ह्या बेशरमाला सोडू नका! ह्याच्यापायी माझी बायको घर सोडून गेली! सात दिवसांत त्याच्याच हातानं सगळा प्लॉट साफ करून घ्या! लिहा, हे बी लिहा, मी सही करतो! आन् केली की हो सही... ठसठशीत!

तेवढ्यात मुंजाजी म्हणतो, "चंद्रप्पा, जरा मागं वळा बरं." वळलो. "साहेब, बगा, बनियनला भोक बी तिथंच हाय!" सुलाबाई पदर तोंडाला लावून, "आन् बादली ती काय, मोरीपाशी."

तुमाला सांगतो, पायाखालची जमीन सरकली! फोटो पुन्हा बगितला, तर कोपऱ्यात आमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज! आन् 'नाव घेता येत न्हाई'... लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, त्याच्यानंतर तीस वर्षांत ज्या बाईनं माझं नाव घेतलं न्हाई, ती दुसरी कोण असणार? सरकारी अर्जात बी रीत सोडली न्हाई हो तिनं!

मंग काय, सात दिवस उपसलं. डुकरं बाजूला हुबी राहून बगायलीत, मुंजाजी भिंतीवरून "तिकडं राहिलं, तिकडं राहिलं" करायलाय, भागवतनं तर पुण्याहून मोबाइलवर अंगठा पाठवला! त्या कचऱ्यात मुंजाजीचं किती निघालं, सुलाबाईचं किती निघालं, सांगतो. माझं किती निघालं, ते तेवढं इचारू नका.

काल गंगाखेडला फोन लावला. म्हणलं, त्रिवेणी, झालं सगळं साफ. आता ये. पुन्हा एक बादली बी टाकणार न्हाई, तुझी शपथ! तिकडून बारीक हसल्यागत आवाज... आन् मंग म्हणती,

"आवं, असं तोंडी नगं. लेखी द्या."

बसलोय बगा सकाळपसून... तीन प्रतींत!