हौसाक्काच्या टाकीतली शेवटची पंगत

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला सांगा — शेवटच्या पंगतीला बसून पहिल्यांचं उरलंसुरलं खातो, तो लहान की मोठा? लहान? कोण म्हणालं? अहो, इतक्या लवकर उत्तर दिलंत, तर मी इथं उभा कशाला राहू!

ऐका. बेलवंड्याची हौसाक्का. परसात गोबरगॅसची टाकी. भिंतीपलीकडे धाकटी जाऊ इठाबाई, तिचीही टाकी. पण दोघींचं बोलणं बंद! का? इठाबाईनं वास्तुशांतीला पंगती उठल्यावर पुरणपोळ्यांचं ताट पाठवलं. हौसाक्कानं ते झाकलेलंच परत केलं — "सगळे जेवल्यावरचं? आमच्यात उष्टं खपत नाही!"

पुढं हौसाक्काला नात झाली. बारसं सव्वा महिन्यानं धरलं. हौसाक्कानं गावभर सांगितलं — घुगऱ्या शिजतील त्या माझ्याच गॅसवर! आणि आनंदाच्या भरात वाटून उरलेल्या जिलब्या, पातेलीच्या पातेली, पाकासकट टाकीत ओतल्या. "तिलाही गोडधोड मिळू दे!"

मिळालं! शेगडी मुकी झाली. काडी लावली की नुसतं फुस्स!

दुपारी बाई टाकीच्या कट्ट्याला टेकली. डोळा लागला — आणि मंडळी, टाकीचं झाकण आभाळासारखं उंच उंच गेलं! ती आत उतरली. ना दिवस, ना वारा. कोमट काळोख, त्यात तुरळक बुडबुडे चांदण्यांसारखे वर निघालेले... आणि तळाशी गाव! डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं. दिसत नाहीत म्हणून नाहीत म्हणू नका — आपले ग्रामसेवकही दिसत नाहीत, पण आहेत!

पहिली पंगत शेणातला चोथा फोडत होती. त्यांचं उरलेलं दुसरी पंगत खात होती आणि त्याचं आंबट करत होती. आणि शेवटची पंगत? पानं मांडलेली, जेवणारे आडवे! संथ, पुराणे लोक. पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा नव्हती, तेव्हापासूनचे रहिवासी. आजही हवा लागली की संपतात.

"यांना काय झालं?" हौसाक्कानं विचारलं.

दुसऱ्या पंगतीतला एक ढेकर देत रडला — "अक्का, तुमच्या पाकावर आम्ही तुटून पडलो. एवढं आंबट केलं, की ते गळाठले."

"मग तुमचं काय अडलं?"

"अडलं? आमचं उष्टं तेच खायचे, बाई! त्याचाच गॅस व्हायचा. आता ते साचलंय, आणि आम्हीच त्यात गुदमरतोय. शेजारच्या टाकीतले यांचे भाऊबंद आणा हो!"

जाग आली. जिलब्या बंद! आंबटपणा मारायला टाकीत बेतानं चुन्याची निवळी पडली. पण भाऊबंद? मंडळी, काळोखात उतरणं सोपं — भिंतीपलीकडे हाक मारणं अवघड!

"इठे..."

"बोला की अक्का. वर्ष झालं, कान उघडेच आहेत."

"घमेलंभर दे. तुझ्या टाकीतलं. विरजणाला."

इठाबाईनं पदर खोचला. "देते. पण ते आतल्या पंगती उठल्यावरचं हो! तुमच्यात खपेल?"

हौसाक्का घमेल्याची एक कड धरून उभी राहिली. दुसरी इठाबाईनं धरली. मग रोजच खेपा सुरू झाल्या. एके सकाळी काडी लावली — निळी! जास्वंदीएवढी निळी ज्योत, आणि दोघी तिच्याकडे बघत बसल्या, चहा टाकायचंही विसरून.

बारशाला घुगऱ्या शिजल्या त्या त्याच ज्योतीवर. सगळ्यांना वाढून इठाबाई एकदाची द्रोण घेऊन टेकली. दोन घास खाल्ले, तोच हौसाक्कानं तिच्या द्रोणात हात घातला.

"अहो अक्का! उष्टं आहे!"

"ठाऊक आहे," हौसाक्का म्हणाली, "सरक."

आता बोला, शेवटच्या पंगतीला बसणारा लहान की मोठा? गप्प झालात! असू द्या. प्रसादाची पानं मांडली आहेत. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या शेजारी कोण बसतंय, ते मला इथून छान दिसतं. उठा — आणि बुंदी उरली, तर टाकीत ओतू नका. त्याच्या घरी पाठवा.