एक श्रोता

धंतोलीतल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एकाच मोहल्ल्यातले दोघं नंबरची वाट पाहत होते.

“कवडूभाऊ, चौकातल्या फळ्यावर माह्या गाण्याबद्दल कोणी लिहिलं?”

“मले काय माहीत, प्रेमिलाबाई. खाली नाव कोणीच टाकत नाही.”

“‘प्रेमिलाबाई गणपतीत गायला लागल्या की कुत्रे मोहल्ला सोडतात. एक श्रोता.’”

“असं लिहाले नाही पाहिजे कोणी.”

“बिननावाचं मीही लिहिते. मागच्या साली तुमच्या नाटकाबद्दल लिहिलं होतं.”

“‘आवाज मागपर्यंत येत नाही, बाकी काम झकास,’ ते तुम्ही लिहिलं?”

“हो.”

“त्याच्यानंतरच मी आवाज वाढवला, बाई.”

“जे तोंडावर म्हणता येते, तेच मी फळ्यावर लिहिते. आता तुम्ही ते कुत्र्याचं माह्याकडे पाहून म्हणा.”

“मी काहून म्हणू?”

“म्हणून तर पाहा.”

“दाढ लय दुखून राहिली, बाई. बोलता येत नाही.”

“आत्तापर्यंत तर येत होतं.”

“माहा नंबर आला वाटते, बाई.”

“संध्याकाळी ते पुसा अन् माह्या गाण्यात खरंच काय चुकते ते लिहा. नाव नका टाकू. मले समजते.”