आवरू नकोस, प्रांजली

सन्माननीय अध्यक्ष शिरीष, व्यासपीठावरील पाहुणे, नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या मराठी मंडळाचे सभासद, आणि दारात लसीचा क्यूआर कोड वेळेवर सापडल्यामुळे आत येऊ शकलेले भाग्यवान रसिकहो,

मंजूषाताई पुढच्या आठवड्यात कायमच्या पुण्याला चालल्या. त्यांच्या मोदकांविषयी आधीचे वक्ते सविस्तर बोलले. मी त्यांच्या चहाविषयी बोलतो, आणि नावं घेऊन बोलतो. ताईंच्या शेजारच्या प्रांजलीनेच बजावलंय, "मोघम बोलू नका."

गेल्या हिवाळ्यात कोविडमुळे शाळा बंद होत्या. प्रांजलीचा नवरा अभिजित वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, तिला अंथरुणातून उठवत नव्हतं, आणि त्यांचा पाच वर्षांचा ईशान दुसऱ्यांदा एकटाच, अनवाणी, कालव्याच्या काठी सापडला. बालन्यायालयाने त्याला एका डच कुटुंबात ठेवलं. आईवडील त्याला सांभाळू शकतात अशी खात्री पटली, तरच तो परत येणार होता.

मग दोघांनी काय केलं? आपण सगळ्यांनी केलं असतं तेच. पाहणीला येणाऱ्या केसवर्कर बाई घरी यायच्या आधी घर लख्ख, बशीत चकल्या. "कसं चाललंय?" "एकदम छान!" "मदत हवी?" "छे, आम्ही करतो मॅनेज." घरी आलेल्या माणसापुढे का कोणी रडगाणं गातं? बाईंना मात्र कोडं पडायचं, सगळं इतकं छान, तर मूल कालव्यावर गेलं कसं? ईशानला तिकडे ठेवायची मुदत वाढली.

तेव्हा शेजारच्या मंजूषाताईंनी अंगणात, दीड मीटर अंतर ठेवून, थर्मासमधला चहा पाजला.

"अगं, ती काय हळदीकुंकवाला येते? तिच्यासाठी आवरू नकोस."

"पसारा बघून ती ईशानला देईल का, ताई?"

"आवरलेलं बघून दिला का?"

पुढच्या भेटीत सिंक भांड्यांनी भरलेलं होतं. चकल्या नव्हत्या. प्रांजली म्हणाली, "मला सकाळी उठवत नाही. मला मदत हवीय." ताई शेजारी नुसत्या बसून होत्या. बाई पहिल्यांदाच निवांत थांबल्या.

मग डॉक्टर आले, औषधं आली, सकाळी मदतीला माणूस आलं. अभिजितने कामाचे तास कमी केले. ईशानच्या तासाभराच्या भेटींचे शनिवार-रविवार झाले, आणि उन्हाळ्यात तो कायमचा घरी आला. त्याला या काळात माया लावणाऱ्या डच कुटुंबालाही इथून नमस्कार.

ताई, तुमचे यजमान श्यामकांत कोविडमध्ये गेले, तेव्हापासून तुम्ही एकट्या आहात. मघाशी दारात मी विचारलं, "कशा आहात?" तुम्ही म्हणालात, "एकदम छान!"

ताई, आम्ही तरी कुठे हळदीकुंकवाला आलोय? पुण्याहून फोन कराल तेव्हा आवरू नका.

मंडळाने बोलू दिलं, आपण ऐकलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यातला पसाराही तेवढा पोटात घाला.