डाव्या हाताचा मासा

नाही नाही, ती खुर्ची नको मुकुल, पाच वर्षांच्या मुलांची आहे ती, अडकाल — मागे जुन वेईचे आजोबा अडकले होते, आम्ही दोघी शिक्षिकांनी ओढून काढलं त्यांना — इथे बसा, या बाकावर. गोंद सांडलाय, पण वाळलाय तो. आणि आवाज जरा हळू, पडद्यापलीकडे झोपलीत सगळी. मैत्रेयी पण. हो, कळलं मला, ऑफिसातून अर्धा दिवस टाकून आलात, रॅफल्स प्लेसहून थेट इथे, आणि कशासाठी आलात तेही कळलं. उद्या ओपन डे आहे, सगळ्यांचे आईबाप येणार, त्याच्या आत भिंतीवरून वल्लरीचं नाव काढा म्हणताय. ऐकलं मी. दाराशीच म्हणालात तेव्हाच ऐकलं. मी अजून नाही म्हटलेलं नाही. पण हा बोर्ड मी लावलाय, हात माझे आहेत, तर काढायच्या आधी मला एकदा सांगू तर द्या की तो तिथे आला कसा. मग चिडा. मग काय चिडायचं ते चिडा.

फोटो मीच टाकला शाळेच्या ॲपवर. टाकायला नको होता का? — टाकायला नको होता. तुम्ही मीटिंगमध्ये असणार, मोबाइल उघडला असणार, आणि समोर काय, तर निळी भिंत, क्रेप पेपरच्या लाटा, कागदी ताटल्यांची कासवं, आणि मुलांच्या हातांच्या ठशांचे मासे, प्रत्येकाखाली नाव — आणि एका जांभळ्या माशाखाली वल्लरी. जूनमध्ये गेलेल्या मुलीचा मासा सप्टेंबरात. तुम्हाला वाटलं असणार, या बाईला वेड लागलंय का? माझ्या मुलीच्या नावानं खेळ करतेय का? वाटणारच. मलाही वाटलं असतं. पण तो मासा मी केलेला नाही हो. माझ्या हाताचा ठसा एवढा लहान आहे का, तुम्हीच बघा.

ती बस बघितलीत ना, दाराजवळची, खोक्यांची, दुमजली? ती आमच्या निशिकांतनी कापून दिलेली, फ्रिजच्या खोक्यातून. रिटायर झाल्यापासून मला खोकी कापून देणं हाच त्यांचा उद्योग. तर सकाळी मूल आलं की टोपलीतून आपला फोटो घ्यायचा आणि बसच्या खिडकीत चिकटवायचा, वेल्क्रो आहे मागे. तीच हजेरी. तुमच्या दोघी जुळ्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढे, शेजारीशेजारी. आणि रोज भांडण — हा माझा, नाही तो माझा — आता दोन्ही फोटोंत फरक काय, काहीच नाही, तोच भांग, तेच पुढचे दात पडलेले. मी मागे नावं लिहिली तरी भांडायच्याच. दोघींना मजा यायची, दुसरं काय. मला मात्र ओळखू यायच्या. तुम्ही विचारलं होतंत एकदा, आठवतं? म्हणालात, सुलेखाताई, आम्हीसुद्धा पाठमोऱ्या असल्या की चुकतो, तुम्ही कशा चुकत नाही? तेव्हा मी नुसती हसले. आता सांगते — वल्लरी आधी बोलायची. मैत्रेयी तिचं बोलून झाल्यावर. बस, एवढंच. आता ही एकटी काही बोलायला लागली ना, तर आधी थांबते. थांबते आणि वाट बघते. कोणी बोलत नाही, मग बोलते.

तर जूनच्या सुट्टीनंतर शाळा उघडायची होती. मिसेस लोह — आमच्या मुख्याध्यापिका, चांगली बाई आहे, रडली होती ती पण — त्या म्हणाल्या, सुलेखा, तो फोटो काढून ठेव, मुलीला त्रास होईल. बरोबरच वाटलं मला. काढला आणि कपाटात ठेवला. मैत्रेयी आली, तुमच्या घरच्या मदतनीस बाईचा हात धरून, बूट काढले, नीट जोडीनं ठेवले, टोपलीतला आपला फोटो घेतला आणि बसपुढे उभी राहिली. त्या रिकाम्या खिडकीकडे बघत. किती वेळ उभी होती देव जाणे, मला दुसरीकडे एकाच्या नाकातलं रक्त थांबवायचं होतं, मी वळून बघते तर उभ्याउभ्या शू झालेली. वर्षभरात कधी नाही झालेली. मी तिला आत नेलं, कपडे बदलत होते, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "टीचर, हू आस्क वल्लरी गेट डाउन?" — वल्लरीला बसमधून उतरायला कुणी सांगितलं? — आता काय सांगायचं, तुम्ही सांगा. काय सांगितलं असतंत तुम्ही? मी कपाट उघडलं आणि फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो चिकटवला, मग आपला चिकटवला, आणि गेली ब्लॉक खेळायला. त्या दिवसापासून रोज दोन्ही फोटो तीच लावते आणि घरी जाताना दोन्ही काढून टोपलीत ठेवते.

मग सगळंच दोनदा व्हायला लागलं. पानांचे ठसे केले, तिचे दोन. लोकरीचं पिलू चिकटवलं, दोन. ठेवते तर ठेवू दे, म्हटलं. पण हा समुद्र केला त्या दिवशी काय झालं — प्रत्येकाला एक रंग आणि एकच हात, नाहीतर बेसिनपाशी नुसता गोंधळ होतो. हिनं उजवा हात नारिंगी रंगात बुडवला, कागदावर दाबला, झाला मासा. गेली, हात धुतला, पुसला, परत आली आणि डावा हात पुढे केला. मी म्हटलं, अगं झाला ना तुझा? तर म्हणाली, उजवा माझा. डावा वल्लरीचा. तिला जांभळा पाहिजे. — जांभळा! आठवतंय ना, बूट, डबा, रबरबँड, सगळं जांभळं असायचं तिचं? मी दिला जांभळा. तिनं तो डावा हात इतका हळू दाबला, इतका हळू, जशी काही दुसऱ्याचाच हात धरून दाबतेय. आणि शेजारी जुन वेई, तो एक नंबरचा बोलका, म्हणाला, "वल्लरी डाय ऑलरेडी, कॅनॉट कम." मी धावले, की आता ही रडणार. तर हिनं मानसुद्धा वर केली नाही. "आय नो लाह," म्हणाली, "फिश ओन्ली." माहितेय मला. मासा फक्त.

म्हणून म्हणते, ती काही भ्रमात नाहीये. तुम्हाला तीच भीती आहे ना, की आम्ही तिला खोटंखोटं काहीतरी खेळू देतोय? तिला माहितेय. तुमच्या-माझ्याहून सरळ माहितेय. वल्लरी गेली, येणार नाही, मासा फक्त. तेवढा मासा तिला हवाय.

घरी असं काही करत नाही म्हणता? घरी कसं करेल ती? घरी तर नावच — नाही, काही नाही. नाही हो, तसं नव्हतं म्हणायचं मला. बरं, आता म्हटलंच आहे तर — 'पाणी वाचवा' असा धडा होता आमचा. कागदाचे थेंब कापायचे आणि घरात पाणी कुठे वाया जातं ते प्रत्येकानं सांगायचं, मी थेंबावर लिहिणार. कोणी म्हणालं आजी भाजी धुते, कोणी म्हणालं दादा अंघोळीला फार वेळ लावतो. मैत्रेयीची पाळी आली. थांबली आधी, थांबते ना ती. मग म्हणाली, मी वल्लरी म्हटलं की पपा बाथरूममध्ये जातो आणि नळ सोडतो. खूप वेळ. खूप पाणी जातं. मग मी म्हणत नाही. — तो थेंब मी लावला नाही भिंतीवर. कोणाला दाखवला नाही. आणि तुम्हाला तर कधीच सांगायचं नव्हतं मला. घ्या, पाणी घ्या, हा कप स्वच्छ आहे. राहू दे, पुसू नका तो बाक, सांडू दे.

तुम्ही चुकलात असं मी म्हणतच नाहीये. कोण म्हणेल? तिला उठवता, वेणी घालता — वाकडी असते, मी इथे परत घालते, तिला सांगते की वाऱ्यानं सुटली — डबा भरता, ऑफिस करता, मदतनीस बाई असली तरी एकट्यानं. कळतं मला. हो. हो, एकट्यानंच, मधुवंती तिकडे ठाण्याला आईकडे जाऊन बसली ते मला — नाही, असं नका म्हणू. तिला मुलगी नकोशी झालीय असं नाही. असं बोलू नका, पडद्यापलीकडे पोरगी आहे. फोन करत नाही म्हणून काय — करते हो! रोज करते!

...

तुम्हाला नाही. मला करते.

बसा. बसा म्हणते ना. तिनं शपथ घातली होती मला, आणि मी बघा, कशी आहे, तोंडात काही राहत नाही. आता अर्धं सांगून कसं चालेल? रोज, ही सगळी झोपली की माझा फोन थरथरतो. मी आत जाते आणि फोन मैत्रेयीसमोर धरते, व्हिडिओ. शाळेत चालत नाही हे, मिसेस लोहना कळलं तर माझं काही खरं नाही. मधुवंती बोलत नाही काही. बघत बसते. मुलगी झोपलेली आणि आई तिकडून बघतेय. माझा हात दुखतो, मग मी उशीला टेकवते फोन. तुम्ही संध्याकाळी लावता तेव्हा ती उचलत नाही ना, उचलला तर कॅमेरा बंद ठेवते ना — ते का, मी विचारलं तिला. म्हणाली, ताई, ती जागी असली की माझ्याकडे बघते, आणि बघणारा चेहरा दोघींचा आहे. मला नाही सहन होत. झोपलेली असली की मला बघता येतं. आणि मग म्हणाली — हे मी सांगू नये, पण तुम्ही तिचा नवरा आहात, तुम्हाला नाही तर कुणाला सांगणार — म्हणाली, झोपलेली असली की मी दर वेळी मैत्रेयीलाच बघत असते असं नाही, ताई.

मी दुसऱ्या दिवशी परत फोन धरला. हे असं कितीतरी दिवस. मला वाटायचं, मी बरोबर करतेय की चूक? झोपलेल्या पोरीच्या तोंडासमोर फोन धरून मी तिला नक्की दोघींतली कोण दाखवतेय? पण परवा काय झालं, एसी जोरात होता, आणि एकदम फोनमधून आवाज आला. ताई, तिच्या पायांवर पांघरूण घाला, मैत्रेयीला गार वाजतं. वल्लरी फेकून द्यायची पांघरूण, हिला लागतं. — मी घातलं. आणि तिकडे ती रडायला लागली, मोठ्यानं, तोंड दाबून नाही, अशी मोठ्यानं की मला फोनचा आवाज बंद करावा लागला. तिला ती दिसली हो, मुकुल. मैत्रेयी. नुसती मैत्रेयी. काल तर विचारत होती, तिचे दात आले का.

तिला ही भिंत माहितेय. मी दाखवली. जांभळा मासा बघितला तिनं, आणि काढू नका म्हणाली. आता तुम्ही म्हणता काढा. मी कुणाचं ऐकू?

नाही, रागानं नाही विचारत. खरंच विचारते. कारण — थांबा, मला जरा — काही नाही, डोळ्यांत गेलं काहीतरी, चमकी असते ना, या कामात सगळीकडे चमकी. कारण मला या भिंतीवर काय ठेवायचं हे निवडता येत नाही असं झालंय. दहनाला आले होते मी, तुम्ही बघितलं नसणार, मागे होते, मिसेस लोहच्या बाजूला. तिथून शाळेत आले आणि लॅमिनेशनचं मशीन लावून बसले, कारण काय करणार? तुमच्याकडे लोक आले, यायलाच हवेत. शिक्षिकेला कुणी भेटायला येत नाही. तिचं कोण गेलं? तिचं कोणी नाही गेलं. पण माझा दिवस त्या मुलीनं सुरू व्हायचा. दारातून आत यायच्या आधीच तिचं बोलणं सुरू, टीचर आज काय करायचं, टीचर मी स्वप्नात हत्ती धुतला. निशिकांतना मी सांगितलं नाही की मी अजून — त्यांना वाटेल, इतकी वर्षं शिकवतेय, हिला काय झालं? बसमधला तो फोटो मी फक्त मैत्रेयीसाठी नाही ठेवलेला. तिनं एखाद दिवशी स्वतःच फोटो लावला नाही ना, तर ते तिच्यासाठी चांगलंच असेल, मला माहितेय, मीच म्हणेन चांगलं झालं, आणि मग मी काय —

राहू दे. हे तुमचं नाही. तुमचं पुष्कळ आहे तुम्हाला.

काय? तो मासा तुम्हाला पाहिजे? घरी न्यायला? — नाही मुकुल, तो मी कसा देऊ? माझा नाही तो. तिचा आहे, तिला विचारा. आज नाही तर उद्या ओपन डे झाल्यावर विचारा. पण विचारताना म्हणा, वल्लरीचा मासा देशील का. तसंच म्हणा, नाव घेऊन. मी? छे, मी नाही येणार आत तुमच्याबरोबर. मी असले की ती माझ्याकडे बघेल, तुमच्याकडे नाही. आणि ती आधी थांबेल, मग बोलेल, तर घाई करू नका, मध्ये तुम्ही बोलू नका.

ऐका — कोणीतरी उठलं. हिचाच आवाज. पाणी मागतेय. भिंतीच्या बाजूची तिसरी गादी. माझ्याकडे काय बघताय, जा ना. जा.