समोरच्या बाजूची ओळ

समारंभाचे अध्यक्ष वंदनीय फादर, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिकाबाई, आजचे सत्कारमूर्ती, आपला निरोप घेऊन निघालेले आमचे गायनाचे सर, सरांना इतकी वर्षं आम्हाला उसने देणाऱ्या वहिनी, आणि पंख्याखालच्या जागा पटकावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

फादरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. लेथ मशीनवर आयुष्य गेलेल्या माणसाला दोनच शब्द येतात, आणि ते इथं बोलता येत नाहीत. तेव्हा वेगळे शोधतो.

सरांनी तरुणांना जुन्या लॅटिन स्तोत्रांची गोडी लावली, असं पत्रिकेत छापलंय. गोडी? अहो, पहिल्या तालमीला मी हजर होतो.

माझ्या वर्कशॉपात वरच्या गल्लीची पोरं होती, खालच्याही, आणि दोन्ही गल्ल्यांचं जुनं वैर. खालच्या गल्लीचा वेल्डर जोडायचा, वरच्या गल्लीचा पेंटर रंगवायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघं एकमेकांना फोडायचे. मी सरांना म्हटलं, "शनिवारी दुपारी ही जनावरं तुम्ही न्या. निदान माझे पाने-हातोडे तरी वाचतील." सर म्हणाले, "आणा. पण गिटार मिळणार नाही, ड्रम मिळणार नाही."

आणि या सज्जन माणसानं काय करावं? दोन्ही गल्ल्यांना चर्चच्या वेदीपुढे आमनेसामने उभं केलं. ही स्तोत्रं तशीच गातात. वाद्य नाही. एक ओळ या बाजूची, पुढची त्या बाजूची. आपली झाली की गप्प राहून समोरच्याचं ऐकायचं. एक बाजू बंद पडली, तर स्तोत्र अर्धं राहतं.

वेल्डर मला म्हणाला, "काका, ही मढ्याची गाणी आम्हाला कशाला?"

समोरून पेंटर म्हणाला, "तुझ्या लवकर उपयोगी पडतील."

झालं. कागद ठेवायचा लोखंडी स्टँड उडाला आणि मध्ये पडलेल्या सरांच्या तोंडावर बसला. दोन दात फरशीवर. सरांनी रुमाल लावला, थुंकले, आणि म्हणाले, "वरची बाजू, पहिली ओळ." रक्त गिळत शिकवलं त्यांनी. पोरं गायली ती भीतीनं. गोडी वगैरे नंतर.

पण लागली. वेल्डरचा धाकटा भाऊ माझ्याकडेच ग्राइंडरवर; त्याचा गळा सगळ्यांत गोड. ग्राइंडर थांबला की त्याचं गुणगुणणं ऐकू यायचं. आणि पेंटर, मान वर न करता, पुढची ओळ म्हणायचा. वैऱ्याचीसुद्धा ओळ त्याला अर्धी सोडवत नव्हती.

त्या धाकट्याला भर बाजारात भोसकलं. मारणारा पेंटरचा सख्खा थोरला भाऊ.

अंत्यविधीला खालची गल्ली अख्खी लोटली. वरच्या गल्लीतून कोण येणार? कुत्रंही नाही. मिस्सेची प्रार्थना सुरू होणार, तोच पेंटर एकटा आत आला आणि आपल्या जागी उभा राहिला. मध्ये शवपेटी, समोर सगळी बाजू भरलेली. वेल्डर बाकाला टेकला, तेव्हा त्याच्या बाहीतून आवाज आला. लोखंड मी आवाजावरून ओळखतो. चार सुती, म्हणजे अर्धा इंच जाडीची सळई होती. मी सरांच्या कानाशी लागलो.

"मलाही ऐकू आलं," सर म्हणाले. "पेंटरला जा म्हटलं, तर जात नाही. म्हणतो, त्या बाजूला कुणीच नसेल, तर धाकट्याचं स्तोत्र पुरं कसं व्हायचं?"

गायन सुरू झालं. एका बाजूला घोळका, एका बाजूला एक गळा. तिसऱ्या वेळी पेंटरची ओळ चालू असताना वेल्डर जागा सोडून आला. पहिला घाव खांद्यावर. हाड मोडतं तेव्हा ओल्या फांदीसारखा आवाज येतो, लिहून ठेवा. दुसरा बरगडीत. पेंटर खाली कोसळला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिसरा घाव डोक्यावर पडणार, आम्ही सगळे जागच्या जागी थिजलेलो, आणि सर मध्ये जाऊन उभे राहिले. सळईच्या खाली.

म्हणाले, "ओळ राहिलीय."

वेल्डरनं सळई तशीच वर धरलेली.

"तुझ्या भावाच्या स्तोत्राची ओळ राहिलीय. गाणारा तू पाडलास. आता तू म्हण."

 आणि मग वेल्डर गायला. फाटक्या आवाजात, पेंटरच्या रक्तात उभा राहून, पेंटरची ओळ. खालच्या बाजूनं उत्तर दिलं. शेवटपर्यंत तो त्याच बाजूनं गात राहिला. सळई हातातून सुटली असं मी सांगणार नाही. पोलिसांनी काढून घेतली.

वेल्डर शिक्षा भोगून आला. त्या दिवसानंतर दोन्ही गल्ल्यांत डोकी फुटली, पण मुडदा पडला नाही. ते दोघं शनिवारी समोरासमोर गातात, एरवी एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत.

नाही, थांबा. बाहेर ते दोघं सरांची ट्रंक टेंपोत चढवतायत. तुम्हाला ऐकू येणार नाही, मला येतंय. वेल्डर म्हणतोय, "तुझा खांदा धड नाही, हलकी बाजू घे." पेंटर म्हणतोय, "मोडला कुणी?"

"मीच. म्हणून तर सांगतोय."

अजून तरी हाणामारी नाही. तोवर मी आटोपतं घेतो. फादर, सर, वहिनी, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल, तर लेथवाल्याच्या तोंडाला तेवढी सूट द्या.